पदवी देण्याचा अधिकार

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे 45 किलोमीटरांवर हुणसूर हे तालुक्याचे गाव लागते. लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठी ते वसलेले आहे. कंपनी सरकारच्या काळात येथे अमृतमहाल गुरांचे खाते होते, घोंगड्यांचे आणि कातडी सामानाचे कारखाने होते. आज भोवतालच्या शेतांतून तंबाखूचे पीक डोलताना दिसते. कर्नाटकाचे मुख्यमंत्री देवराज अरस हे याच तालुक्यातील कल्लहळ्ळीचे. गावातील सरकारी महाविद्यालयाला त्यांचेच नाव दिलेले आहे. कर्नाटकात पदवीपर्यंत शिकवणाऱ्या अशा महाविद्यालयाला ‘प्रथम दर्जाचे महाविद्यालय’ म्हणतात.

याच तालुक्यात गुरुपुरा येथे तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तेथे ग्यूमे नावाचा एक मठ आहे. मूळ मठ शेरब सेंगे या आचार्यांनी 1433 साली तिबेटात स्थापन केला. 1959 नंतर तेथील भिक्षू भारतात आले, काही काळ डलहौसीला राहिले आणि शेवटी हुणसूरच्या परिसरात स्थिरावले. प्रमाणशास्त्र, प्रज्ञापारमिता, मध्यमक, अभिधर्म आणि विनय या पाच विषयांचा वीस-वीस वर्षे अभ्यास करून ज्यांनी ‘गेशे ल्हारम्पा’ ही सर्वोच्च पदवी मिळवली, असे पंडित तंत्रविद्येच्या अध्ययनासाठी अशा मठात येऊन राहतात.

एकाच तालुक्यातल्या या दोन विद्यास्थानांकडे पाहिले म्हणजे एक प्रश्न सहज मनात येतो. तीन-चार वर्षांत मिळणाऱ्या बी.ए.च्या पदवीवर म्हैसूर विद्यापीठाची मोहोर लागते, त्या विद्यापीठामागे राज्याचा कायदा असतो आणि कायद्यामागे नियमांचे एक जाडजूड पुस्तक असते. वीस वर्षांच्या तपश्चर्येने मिळणाऱ्या गेशे पदवीसाठी मात्र कोणत्याही सरकारी कचेरीत अर्ज करावा लागत नाही. असे का? पदवी देण्याचा अधिकार कोणाचा? आणि खासगी किंवा धार्मिक संस्थेने महाविद्यालय काढले, तर त्यात राज्याने किती लक्ष घालावे? या प्रश्नांचा आज थोडा विचार करू.

प्रथम तीन शब्द एकमेकांपासून वेगळे केले पाहिजेत, कारण जाहिरातींतून त्यांची हेतुपुरस्सर सरमिसळ केलेली आढळते. पहिला शब्द ‘मान्यता’. विद्यापीठ म्हणून अस्तित्वात येण्यास कायद्याचा आधार लागतो. तो असला म्हणजे विद्यापीठ मान्यताप्राप्त होते. दुसरा शब्द ‘संलग्नता’. महाविद्यालय स्वतः पदवी देत नाही. ते एखाद्या विद्यापीठाशी जोडलेले असते, त्याचा अभ्यासक्रम शिकवते, त्याच्या परीक्षांना विद्यार्थी बसवते आणि पदवी विद्यापीठ देते. तिसरा शब्द ‘अधिस्वीकृती’. मान्यता आणि संलग्नता असूनही शिक्षण चांगले दिले जाते की नाही, याची बाहेरच्या जाणकारांनी ठरावीक काळाने केलेली पारख म्हणजे अधिस्वीकृती. घर बांधण्याची परवानगी, घराचा नळ गावाच्या पाणीपुरवठ्याला जोडणे आणि नळाला येणारे पाणी तपासून पाहणे, या जशा तीन निरनिराळ्या गोष्टी, तशाच याही समजाव्यात.

पदवी देण्याचा अधिकार ही आपल्याकडे पूर्वीपासून राजसत्तेने द्यावयाची सनद मानली गेली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे 1857 साली कायद्याने स्थापन झाली. म्हैसूर संस्थानातील महाविद्यालये तेव्हा मद्रास विद्यापीठाशी जोडलेली होती. महाराज नालवडी कृष्णराज वडियार यांनी 1916 साली स्वतःचे विद्यापीठ काढले. देशी संस्थानात स्थापन झालेले ते पहिले विद्यापीठ.

त्याच 1916 साली पुण्यात दुसरी एक घटना घडली. धोंडो केशव कर्वे यांनी भारतवर्षीय महिला विद्यापीठाची स्थापना केली. म्हैसूरच्या विद्यापीठामागे महाराज होते. कर्व्यांच्या विद्यापीठामागे कोणीच नव्हते. सरकारची सनद नाही, कायद्याचा आधार नाही, आणि शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. त्यांच्या पदवीधर विद्यार्थिनींना ‘गृहीतागमा’ हे सुंदर नाव मिळाले. परंतु सरकारी नोकरीच्या किंवा दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेण्याच्या दृष्टीने त्या नावाला मोल नव्हते. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपयांची देणगी जाहीर केली, त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लाभले. तरीही कायद्याची मोहोर उमटण्यास 1949 साल उजाडावे लागले. म्हणजे तेहतीस वर्षे ही संस्था केवळ लोकांच्या विश्वासावर पदव्या देत राहिली. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची कथाही याच वळणाची. असहकाराच्या काळात, 1921 साली, सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून ते जन्मले. अभिमत विद्यापीठाचा दर्जा त्याला मिळाला तो 1987 साली.

या दोन उदाहरणांवरून कोणी म्हणेल की, मोहोरेवाचून अडते कोठे? खरे अडले ते त्या विद्यार्थिनींचे. कर्व्यांची निष्ठा वादातीत होती, शिक्षण चोख होते. तरी पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलीला प्रत्येक दारात आपल्या पदवीचा अर्थ समजावून सांगावा लागे. संस्थाचालकाच्या स्वातंत्र्याची किंमत पुष्कळदा विद्यार्थ्याला मोजावी लागते, ही गोष्ट या विषयाचा विचार करताना क्षणभरही विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर 1956 साली विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा झाला आणि पदवीच्या अधिकाराची चौकट पक्की झाली. त्या कायद्याचे 22 वे कलम सांगते की, पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला, किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. 23 वे कलम सांगते की, अन्य संस्थांनी आपल्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द वापरू नये. या नियमांचा भंग करणाऱ्यास शिक्षा ठेवली ती एक हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची. 1956 साली ही रक्कम लहान नव्हती. पुढे रुपया घसरला आणि दंडाचा धाक उरला नाही. आयोग दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, आणि तरीही दरवर्षी कोणाची तरी फसगत होते, यामागे हेही एक कारण आहे.

आता खासगी महाविद्यालयाकडे वळू. एखाद्या संस्थेला महाविद्यालय काढायचे असले म्हणजे तिला विद्यापीठाकडे आणि राज्य शासनाकडे अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात 2016 च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे विद्यापीठ प्रथम बृहत् आराखडा तयार करते. कोणत्या भागात कशा महाविद्यालयाची गरज आहे, हे त्यात नमूद असते. त्यात बसणाऱ्या संस्थेला शासन इरादापत्र देते, अटी पुऱ्या झाल्यावर अंतिम परवानगी देते, आणि मग विद्यापीठ संलग्नता देते. कर्नाटकात 2000 साली झालेल्या विद्यापीठ कायद्याने अशीच वाट आखून दिली. तेथे विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती प्रत्यक्ष जाऊन पाहणी करते. जागा, ग्रंथालय, प्रयोगशाळा, ठेव म्हणून बँकेत ठेवलेला निधी, शिक्षकांची पात्रता आणि त्यांचे वेतन, या सर्व बाबी तपासल्या जातात. निदान तपासल्या जाव्यात अशी अपेक्षा आहे.

हे नियम धार्मिक संस्थेने चालवलेल्या महाविद्यालयालाही लागू पडतात काय? येथे धार्मिक संस्थेच्या महाविद्यालयाचे दोन प्रकार ओळखले पाहिजेत. म्हैसूरमध्येच पाहा. सुत्तूर मठाच्या स्वामींनी 1954 साली जे. एस. एस. महाविद्यापीठाची स्थापना केली. कॅथलिक धर्मप्रांताचे सेंट फिलोमिना महाविद्यालय 1946 सालापासून तेथे आहे. या संस्था धर्मसंस्थांनी काढल्या खऱ्या, परंतु त्या रसायनशास्त्र, वाणिज्य, वैद्यक, इतिहास असे लौकिक विषय शिकवतात, आणि त्यांचे विद्यार्थी लौकिक पदव्या घेऊन नोकरी-व्यवसायात शिरतात. मुंबईचे विल्सन आणि सेंट झेवियर ही महाविद्यालयेही याच वर्गातली. दुसरा प्रकार हुणसूरच्या ग्यूमे मठासारखा. तेथे धर्मच शिकवला जातो आणि शिकून बाहेर पडणारा धर्मकार्यच करतो.

दुसऱ्या प्रकाराबाबत राज्यघटनेचे 26 वे कलम पुरेसे स्पष्ट आहे. प्रत्येक धर्मसंप्रदायाला धार्मिक आणि धर्मादाय कार्यासाठी संस्था स्थापण्याचा आणि आपले धार्मिक व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क आहे. कोणी गेशे व्हावे, कोणी वेदपाठशाळेतून घनपाठी म्हणून बाहेर पडावे, मौलवी कोणाला म्हणावे, हे ठरवणे राज्याचे काम नव्हे. पुण्यातील ज्ञानदीप विद्यापीठ 1955 साली श्रीलंकेतील कँडीहून तेथे आले; त्याच्या धर्मशास्त्राच्या पदव्यांमागे रोमच्या धर्मपीठाचा अधिकार आहे. बंगालमधील सेरामपूरचे महाविद्यालय 1818 साली निघाले. त्याच्या संस्थापकांपैकी विल्यम कॅरे यांचे नाव मराठी माणसाला अपरिचित नाही. 1805 साली छापलेले मराठीचे व्याकरण त्यांचेच. सेरामपूर तेव्हा डॅनिश वसाहत असल्यामुळे 1827 साली डेन्मार्कच्या राजाने या महाविद्यालयाला पदव्या देण्याची सनद दिली, आणि पुढे 1918 साली बंगालच्या कायदेमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले. देशातील अनेक ख्रिस्ती धर्मविद्यालये आजही या सेरामपूरशी संलग्न आहेत. धर्मविद्येलाही संलग्नतेची पद्धत अपरिचित नाही, हे यावरून दिसते.

खरा पेच आहे तो पहिल्या प्रकारात. 30 व्या कलमाने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. परंतु संलग्नता मागण्याचा हक्क कोणत्याही कलमात सांगितलेला नाही. मग राज्याने असे म्हटले की, ‘तुम्ही महाविद्यालय खुशाल चालवा, संलग्नता हवी असेल तर मात्र आमच्या अटी पाळा,’ आणि त्या अटी अशा घातल्या की संस्थेचे संस्थापणच उरू नये, तर काय करायचे?

1957 साली केरळ विधानसभेने संमत केलेल्या शिक्षण विधेयकाच्या निमित्ताने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 1958 साली दिलेल्या अभिप्रायात न्यायालयाने दोन्ही बाजू सांभाळल्या. संस्था चालवण्याच्या हक्कात ती वाईट रीतीने चालवण्याचा हक्क येत नाही. म्हणून राज्याला वाजवी नियम करता येतात. पण मान्यता हवी तर घटनेने दिलेला हक्क सोडा, असे सांगण्याचा अधिकार राज्याला नाही. कारण मान्यतेवाचून शिकलेल्या मुलांना पुढची वाटच बंद होते, आणि मग तो हक्क कागदावर उरतो. कर्व्यांच्या विद्यार्थिनींचा अनुभव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या युक्तिवादातील सत्य वेगळे समजावून सांगावे लागू नये.

या तत्त्वाची कसोटी पुढे मुंबई राज्यातीलच एका आदेशाने लागली. खासगी अध्यापक-प्रशिक्षण महाविद्यालयांनी 80 टक्के जागा सरकारने निवडलेल्या शिक्षकांसाठी राखून ठेवाव्यात, असा आदेश 1955 साली निघाला होता. गुजरातमधील एका ख्रिस्ती संस्थेने त्याला आव्हान दिले आणि 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश त्या संस्थेपुरता रद्द केला. नियम हा संस्थेला अधिक चांगली संस्था करण्यासाठी असावा, तिच्या चालकांना बाजूला सारण्यासाठी नसावा, हे त्या निर्णयाचे मर्म. 1974 साली अहमदाबादच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. गुजरात विद्यापीठाच्या कायद्यात अशी तरतूद झाली होती की, महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर कुलगुरूंचा प्रतिनिधी असावा आणि शिक्षकाला काढताना कुलगुरूंची संमती घ्यावी. अल्पसंख्याकांच्या महाविद्यालयांना या तरतुदी लागू होणार नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. शिक्षणाचा दर्जा राखणारे नियम मात्र त्यांच्यावरही बंधनकारक मानले. 2002 साली कर्नाटकातूनच गेलेल्या टी. एम. ए. पै यांच्या खटल्यात अकरा न्यायाधीशांनी विनाअनुदानित संस्थांच्या स्वायत्ततेला अधिक वाव दिला. तरी नफेखोरी आणि देणगीच्या नावाखाली होणारी लूट यांना तेथेही थारा मिळाला नाही.

संलग्नता स्वीकारणाऱ्या धार्मिक संस्थेला घटनेने एक जबाबदारीही सांगितली आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. 28 व्या कलमाप्रमाणे राज्याची मान्यता किंवा मदत घेणाऱ्या संस्थेत कोणाही विद्यार्थ्यावर त्याच्या, किंवा तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकांच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. मदत घेणाऱ्या संस्थेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, हे 29 वे कलम सांगते. मोहोर घेतली की मोहोरेसोबतचे हे बंधनही घ्यावे लागते.

इतर देशांनाही हा पेच सुटलेला नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात शेल्टन नावाच्या ख्रिस्ती महाविद्यालयाने परवान्यावाचून पदव्या देण्याचा हक्क सांगितला. 1982 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. टेक्सस राज्यात टिंडेल नावाच्या धर्मविद्यालयाला अशाच कारणासाठी 1,73,000 डॉलरचा दंड झाला. परंतु 2007 साली टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करताना सांगितले की, धर्मगुरूंच्या शिक्षणाचा दर्जा ठरवणे हे सरकारचे काम नाही. वरवर पाहता हे निर्णय परस्परविरोधी वाटतात. पण शेल्टन हे साधारण विषयही शिकवणारे महाविद्यालय होते आणि टिंडेल धर्मोपदेशक तयार करीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे हुणसूरमध्ये आपण पाहिलेला भेदच तेथेही आढळतो.

नियम सैल झाले म्हणजे काय होते, हे आपल्या देशानेही पाहिले आहे. 2002 साली छत्तीसगडने खासगी विद्यापीठांसाठी कायदा केला आणि पाहता पाहता 112 विद्यापीठे कागदावर उभी राहिली. त्यांतील कित्येकांचा संसार एखाद्या खोलीत आणि दारावरच्या पाटीत सामावलेला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी न्यायालयात धाव घेतली. 2005 साली त्या कायद्यातील मुख्य कलमे रद्द झाली आणि ती विद्यापीठे जशी उगवली तशीच मावळली. तेथे शुल्क भरून बसलेल्या विद्यार्थ्यांची सोय अन्य विद्यापीठांत करावी लागली.

सरकारी नाव पाठीशी असले म्हणजे धोका टळतो, असेही नाही. म्हैसूरमध्ये 1996 साली स्थापन झालेले कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ हे राज्याच्या कायद्याने निर्माण झालेले. खासगी संस्थांशी करार करून आपल्या अधिकारक्षेत्राबाहेर अभ्यासक्रम चालवल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि 2012-13 नंतर या विद्यापीठाला मान्यता नाही, असे आयोगाने 2015 साली जाहीर केले. 2018 साली मान्यता पुन्हा मिळाली. पण मधल्या काळात प्रवेश घेतलेल्या हजारो विद्यार्थ्यांच्या पदव्या अधांतरी लोंबकळल्या. कोणाची नोकरी अडली, कोणाची बढती. चूक कोणाची आणि भोग कोणाला, हा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

मान्यता म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे ओळखूनच 1994 साली बंगळूर येथे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद स्थापन झाली. लोक तिला ‘नॅक’ म्हणतात. अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, साधनसामग्री, विद्यार्थ्यांना मिळणारा आधार, कारभार आणि संस्थेची मूल्ये अशा सात निकषांवर बाहेरचे प्राध्यापक संस्थेची पारख करीत आणि चारांपैकी गुण देऊन श्रेणी ठरवीत. ही कल्पना चांगली. पण श्रेणीवर प्रतिष्ठा आणि अनुदान अवलंबून राहू लागले, तसा श्रेणीचाच बाजार होण्याचा धोका वाढला. 2025 च्या फेब्रुवारीत तर एका तपासणी समितीच्या सदस्यांनाच लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यापूर्वी 2024 साली श्रेणी देणे सोडून ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘नाही’ एवढाच निर्णय देण्याचे धोरण जाहीर झाले होते. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तर संलग्नतेची पद्धतच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवून महाविद्यालयांना स्वायत्त करण्याचा विचार मांडला आहे. तसे झाले तर पदवीवर मोहोर महाविद्यालयाचीच राहील, आणि पारख करणाऱ्यांची जबाबदारी आजच्यापेक्षा कितीतरी वाढेल.

तोवर हुणसूरच्या तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याने किंवा आपल्या सांगली-सोलापूरकडील पालकाने काय करावे? मुलाचे शुल्क भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पदवी कोणते विद्यापीठ देणार? त्या विद्यापीठाचे नाव आयोगाच्या यादीत आहे काय? या महाविद्यालयाची या अभ्यासक्रमापुरती संलग्नता या वर्षी चालू आहे काय? आणि वकिली, अध्यापन, परिचर्या यांसारखा व्यवसाय असेल, तर त्या व्यवसायाच्या परिषदेची संमती आहे काय? उत्तरे तोंडी न घेता लेखी मागावीत. संस्था प्रामाणिक असेल तर तिला या प्रश्नांचा राग येणार नाही.

शेवटी पुन्हा गुरुपुऱ्याकडे वळू. राज्य तेथे परीक्षा घेत नाही, म्हणून तेथे परीक्षाच नाही असे नव्हे. गेशे होऊ पाहणाऱ्याला मठाच्या अंगणात टाळ्या वाजवत प्रश्न विचारणाऱ्या सहाध्यायांपुढे वर्षानुवर्षे आपले म्हणणे सिद्ध करावे लागते, आणि सर्वोच्च पदवीसाठी निरनिराळ्या मठांच्या सामाईक परीक्षेस सहा वर्षे बसावे लागते. त्या परंपरेतही मान्यतेचा प्रश्न होताच. भिक्षुणींना ही पदवी शतकानुशतके मिळत नव्हती. कर्नाटकातीलच मुंडगोड येथे 2016 च्या डिसेंबरात वीस भिक्षुणींना प्रथमच ‘गेशेमा’ ही पदवी दलाई लामांच्या हस्ते दिली गेली. तो बदल कोणत्या सरकारने घडवला नाही. त्या परंपरेने स्वतःशी वाद घालून तो घडवला. त्यातून आपल्यालाही काही शिकता येईल. भक्त आपल्या मठावर विश्वास ठेवतो तो मठाला जवळून पाहून. दूरच्या गावाहून शुल्क भरणाऱ्या पालकाला तशी सोय नसते. त्याच्या वतीने पाहण्याचे काम राज्याने करावे, आणि पाहून झाल्यावर संस्थेचा कारभार संस्थेकडे सोडावा. या मर्यादेतील मोहोर विद्यार्थ्याला उपयोगी पडते, आणि धर्मसंस्थेलाही तिचे भय बाळगण्याचे कारण उरत नाही.